येवल्याची पैठणी : मागावरून थेट दुकानात, पण खरी ओळखायची कशी?

नाशिक जिल्ह्यातलं लासलगाव म्हटलं की कांदा आठवतो. तिथून तासाभराच्या अंतरावरच्या येवल्याची ओळख मात्र पैठणी. मोरोक्कोतल्या फेझ या जुन्या शहरात तांब्याची भांडी जिथे घडतात, त्याच चौकात विकलीही जातात. येवल्यातही तसंच आहे. अनेक घरांत एका खोलीत माग आणि पुढच्या खोलीत दुकान. लग्नसराई आली की राज्यभरातून गिऱ्हाईक इथे येतं.

नाव पैठणचं, मग बाजार येवल्यात कसा?

पैठणी मूळची गोदाकाठच्या पैठणची. १७व्या शतकात रघोजी नाईक यांनी येवला वसवलं आणि पैठणहून विणकर आणून इथे स्थायिक केले, असं सांगितलं जातं. पुढे पेशव्यांचा आश्रय मिळाला आणि धंदा वाढत गेला. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन म्हणजेच जीआय टॅग मिळाला.

एवढी महाग का?

रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. पण खरी किंमत असते ती वेळेची. पदरावरचा मोर, मुनिया किंवा कमळ छापलेलं नसतं, भरलेलंही नसतं. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. नक्षीत तो रंग जेवढ्या जागेत हवा, तेवढ्याच उभ्या धाग्यांमधून विणकर ती हाताने फिरवतो. शेजारचा रंग आला की दोन्ही धागे एकमेकांत अडकवतो. त्यामुळे साध्या पैठणीला काही आठवडे, तर भरगच्च पदराच्या पैठणीला वर्षसुद्धा लागू शकतं.

खरी कशी ओळखाल?

पदर उलटा करून बघा. हाताने विणलेल्या पैठणीची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते. मागच्या बाजूला लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले, तर ती यंत्रावरची असण्याची शक्यता जास्त. रेशीम अस्सल आहे का, यासाठी 'सिल्क मार्क'चं लेबल तपासा. मात्र हे लेबल फक्त रेशमाची खात्री देतं, साडी हातमागाची असल्याची नाही. त्यासाठी 'हँडलूम मार्क' वेगळा असतो.

फरक कुणाला पडतो?

'सेमी पैठणी' स्वस्त असते आणि ती घेण्यात गैर काहीच नाही. पण यंत्रावरची साडी हातमागाची म्हणून विकली गेली, तर गिऱ्हाईक फसतं आणि विणकराच्या मेहनतीचा भावही पडतो. मेहनतीचे पैसे मिळाले नाहीत, तर पुढची पिढी मागावर बसणार कशाला?

म्हणून दुकानात गेलात की दोन गोष्टी नक्की करा : पदर उलटा करा आणि साडी कुठल्या मागावरची आहे ते बिलावर लिहून घ्या.