अजून थोडं वर...

हल्ली पाठ दुखली की आपण एमआरआय काढून मोकळे होतो. १८८७ साली एक्स-रेसुद्धा नव्हता! एका ब्रिटिश कॅप्टनची पाठ कित्येक महिने ठणकत होती. मग पाय लुळे पडले. लंडनच्या विल्यम गॉवर्सनी अंगाला स्पर्श कुठपर्यंत कळतो एवढं तपासून मज्जारज्जूवर गाठ असणार, हे ताडलं. ९ जूनला तीस वर्षांच्या व्हिक्टर हॉर्सलेंनी पाठ उघडली. गाठ दिसेचना! तिथेच थांबले असते तर? पण त्यांनी अजून वरच्या मणक्याचं हाड काढलं, आणि बदामासारखी गाठ सापडली. मज्जारज्जूवरची गाठ यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद. वर्षभरात कॅप्टन मैलोगणती चालत होता. तो एक जास्तीचा मणका काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.