कानातलं की कानशिलावरचं? झाळ न लावलेल्या चांदीच्या कडीची गोष्ट

प्रबंधाच्या पहिल्या वर्षी मी दागिन्यांचा एक तक्ता केला होता. वस्तू, धातू, वजन, व्यास आणि शेवटच्या रकान्यात प्रकार. तारेची जी कडी दिसेल तिच्यापुढे मी बिनधास्त ‘कर्णभूषण’ लिहीत गेलो. मार्गदर्शकांनी तक्ता वाचला आणि एवढंच विचारलं, ‘हे कानात होतं, हे तुला कुणी सांगितलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मी मध्य युरोपातल्या एका अगदी साध्या दागिन्यापाशी जाऊन पोचलो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना ही गोष्ट उपयोगी पडेल, म्हणून आज ती.

दागिना म्हणजे चांदीच्या किंवा कांस्याच्या तारेची एक कडी, आपल्या बाळीसारखी. एक टोक सरळ कापलेलं. दुसरं टोक ठोकून चपटं केलेलं आणि इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखं दुमडलेलं. खडा नाही, घुंगरू नाही, फासा नाही. मुख्य म्हणजे कुठेही झाळ नाही. दहाव्या ते बाराव्या शतकांतल्या कबरींत, आजच्या पोलंड, पूर्व जर्मनी, चेकिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, क्रोएशिया या भागांत, अशा कड्या मोठ्या संख्येने सापडतात.

झाळ नाही याचा अर्थ नीट समजून घेऊ. दोन तुकडे झाळायचे तर मूळ चांदीपेक्षा कमी उष्णतेला वितळणारी झाळ लागते. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. तिच्यात योग्य प्रमाणात तांबं मिसळलं की हाच आकडा ७७९ पर्यंत खाली येतो, आणि झाळेचं सगळं गणित या फरकावर चालतं. शिवाय सवागी हवी, फुंकणी हवी आणि आच कुठे थांबवायची हे कळणारा डोळा हवा. झाळ धावायच्या आत दागिनाच वितळला, तर सगळी मेहनत वाया.

आपल्या कडीला यातलं काहीच लागत नाही. दोन सेंटिमीटर व्यासाच्या कडीचा घेर साधारण ६.३ सेंटिमीटर. टोकाच्या ‘एस’साठी दीड-दोन सेंटिमीटर धरले, तरी आठ सेंटिमीटर तारेत काम होतं. ठोकून किंवा वाकवून चांदी ताठ होत जाते. ती मंद लाल होईपर्यंत तापवली की पुन्हा मऊ पडते. मग टोक ऐरणीवर चपटं करायचं, दुमडायचं आणि उरलेली तार काठीभोवती वळवायची. वळवताना आलेला ताठपणाच कडीचा आकार टिकवून धरतो. मी स्वतः एक मिलिमीटरच्या तारेवर हे करून पाहिलं. पहिल्या कडीचा ‘एस’ मोडला, कारण मधे एकदा तापवायचं राहून गेलं होतं. दुसरी बरी जमली.

पण माझी कडी जमली म्हणजे हजार वर्षांपूर्वी ती अशीच करत होते, हे सिद्ध झालं का? नाही. असं करता येतं, एवढंच सिद्ध झालं. प्रत्यक्षात कशी केली होती, ते मूळ वस्तूवरच्या खुणा सांगतात. जंतरपट्टीतून ओढलेल्या तारेवर लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा असतात. पट्टी पिळून केलेल्या तारेवर मळसूत्रासारखी शिवण दिसते. ठोकलेल्या तारेवर लहान लहान सपाट पैलू राहतात. भिंगाखाली तासभर बसलात, तर तार स्वतःच बोलते. प्रयोग शक्यता दाखवतो आणि खूण घडलेलं दाखवते. प्रबंधात या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत लिहायच्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कानात की आणखी कुठे? अशा कड्यांना आधी सर्रास कर्णभूषणं म्हटलं जाई. पण कबरींत त्या पुष्कळदा कवटीच्या बाजूला, कानशिलापाशी सापडतात. कधी एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एकच. कांस्याच्या कडीतलं तांबं झिरपून हाडावर हिरवा डाग पडलेला असतो, त्यावरून तिची जागा कळते. म्हणजे बऱ्याच कड्या कपाळपट्टीला किंवा वेणीत अडकवत असाव्यात, आणि ‘एस’च्या वळणात दोरा किंवा चामड्याची वादी ओवत असाव्यात. काही कानातही असतील. आपल्याकडचा वेल आठवा. तो लटकतो कानातून, पण त्याचं ओझं केस पेलतात. म्हणून आज जर्मनमध्ये या कड्यांना कानशिलाची कडी अशा अर्थाचा शब्द आहे. वस्तू तीच, नाव बदललं आणि त्याबरोबर तिचा अर्थही बदलला.

खरा घोळ पुढे आहे. १८७७ मध्ये सोफुस म्युलर या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने ‘एस’ टोकाच्या कड्यांवर लेख लिहिला आणि त्या स्लाव्ह लोकांच्या आहेत असं मांडलं. त्या काळाचा विचार करता निरीक्षण चांगलंच होतं. स्लाव्ह वस्तीचा भाग आणि कड्यांचा भाग बऱ्याच ठिकाणी जुळत होता. पण पुढच्या पिढीने हे वाक्य उलटं फिरवलं. ‘स्लाव्ह भागात कड्या सापडतात’ याचं झालं ‘कडी सापडली, म्हणजे माणूस स्लाव्ह’. ही दोन वाक्यं एक नव्हेत. पुण्यात पगडीवाले दिसतात, म्हणून पगडीवाला दिसेल तो पुणेकर ठरत नाही.

हंगेरीत याचा परिणाम मोठा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योझेफ हाम्पेल यांनी तिथल्या दहाव्या-अकराव्या शतकांतल्या कबरींचे दोन गट पाडले. घोडा, शस्त्रं आणि चांदीची भारी आभूषणं असलेल्या कबरी विजेत्या हंगेरियनांच्या. रांगेत पुरलेल्या, साध्या तारेच्या कड्यांच्या कबरी स्लाव्हांच्या. दुसऱ्या गटाला पुढे क्रोएशियातल्या एका दफनभूमीवरून ‘बिएलो ब्रदो’ संस्कृती हे नाव मिळालं. मांडणी नेटकी होती आणि बरीच वर्षं चालली.

१९६२ मध्ये बेला सोके यांनी तिला मुळातून आव्हान दिलं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की हंगेरियन समाजात फक्त घोडेस्वार सरदारच होते का? त्यांची सामान्य माणसं कुठे गेली? साध्या कबरींत हंगेरियनांमधले सामान्य लोकही असले पाहिजेत. नीट पाहिलं तर आधीच्या मांडणीने गरिबीलाच वंश ठरवून टाकलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी तर ही संस्कृती कुठल्याच एका जमातीच्या नावावर करू नये, ती मिश्र लोकसंख्येची आहे, असं मांडलं. काही कबरींत इश्तवान पहिला (मृत्यू १०३८) आणि त्याच्यानंतरच्या राजांची नाणी सापडतात, त्यावरून काळ ठरवता येतो. पण नाणं काळ सांगतं. पुरलेली बाई घरात कुठली भाषा बोलत होती, ते सांगत नाही.

ही निव्वळ विद्वानांची भांडणं नव्हती. १९११ मध्ये गुस्टाफ कोसिना यांनी ठाम सूत्र मांडलं, की स्पष्ट सीमा असलेला वस्तूंचा प्रदेश म्हणजे एका विशिष्ट लोकसमूहाचा प्रदेश. त्याच्या आधारे जर्मन हक्काचे दावे झाले. त्यांचेच विद्यार्थी योझेफ कोस्त्शेव्स्की यांनी जवळपास तीच पद्धत वापरून पोलंडच्या बाजूने निष्कर्ष काढले. एकच पद्धत दोन परस्परविरोधी नकाशे देत असेल, तर दोष कुणाच्या देशभक्तीत शोधण्याआधी पद्धतीत शोधायला हवा.

आपणही यातून सुटलेलो नाही. हस्तिनापूरच्या उत्खननानंतर बी. बी. लाल यांनी चित्रित करड्या मृद्भांड्यांचा संबंध आर्यांशी जोडला, आणि भांडं म्हणजे लोक का, हा वाद आजही चालू आहे. उलट ‘जोर्वे संस्कृती’ म्हणताना आपण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव वापरतो, कुठल्या जमातीचं नाही. तो संयम आपल्याला फुकट मिळालाय. तो जपू या.

मग कडी काहीच सांगत नाही का? सांगते की. फक्त तिच्या कुठल्या भागाला कुठला प्रश्न विचारायचा, हे ठरवावं लागतं. तार गोल वळवणं इतकं सोपं आहे की ते कुणालाही, कुठेही सुचेल. तेवढ्या साम्यावरून नातं जोडता येत नाही. ‘एस’चं तसं नाही. दोरा अडकवायला साधा आकडाही चालला असता, तरी हजारो जणांनी नेमकं तेच वळण निवडलं. ही निवड शिकलेली, पाहिलेली आहे, म्हणून ती संपर्क दाखवते. पण संपर्क लग्नाने होतो, बाजाराने होतो, शेजारणीचं पाहूनही होतो. चाल पसरली म्हणजे माणसं स्थलांतरित झाली असं नाही.

माझ्या तक्त्यात आता ‘प्रकार’ हा एक रकाना राहिलेला नाही. त्याच्या जागी चार आहेत: वस्तूचा आकार, बनवल्याच्या खुणा, सापडलेली नेमकी जागा आणि सर्वांत शेवटी माझा अंदाज. अंदाजाचा रकाना मी पेन्सिलीने भरतो. पुष्कळ कड्यांपुढे तो अजून रिकामा आहे, आणि परवा मार्गदर्शकांनी तो तसाच मान्य केला.