औषधाच्या बाटलीवरील पट्टी : एक उपेक्षित साधन

प्रवरा, जिला अमृतवाहिनीही म्हणतात, आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर संगमनेर वसलें आहे. तेथील जुन्या वाड्यांतून दप्तरें धुंडाळणाऱ्या संग्राहकांस आमची एक विनंती आहे. सनदा, महजर व पोथ्या उचलतांना फडताळांतील औषधाची रिकामी बाटली व तिजवरील कागदी पट्टी टाकून देऊं नये.

वैद्यकाच्या पोथीची कदर आपण करतों. शार्ङ्गधराची प्रत हातीं आली म्हणजे काढ्याचें प्रमाण तींतच मिळतें : औषधाच्या सोळापट पाणी, आटवून अष्टमांश. इस्पितळांत रोग्यागणिक तयार होणारें मिश्रण मात्र असें टिकलें नाहीं. डॉक्टरानें चिठ्ठी लिहावी, कंपाउंडरानें मापाच्या पेल्यांत औषध सिद्ध करावें, रोग्यानें घरची बाटली पुढें करावी, असा क्रम असे. बाटलीस खळीनें चिकटविलेली, कडेस खांचा पाडलेली पट्टी दर मात्रेची मर्यादा दाखवी. औषध संपलें कीं बाटली धुतली जाई व पट्टीही जाई.

हें सारें रंगीत पाणी होतें, हा समज बरोबर नव्हे. क्विनीन सल्फेट पाण्यांत नीट विरघळत नाहीं. त्यास सौम्य गंधकाम्लाची जोड द्यावी लागे. न विरघळणारीं चूर्णें गोंदाच्या साह्यानें तरंगतीं ठेवीत. अशी बाटली न हालवितां घेतल्यास पहिल्या मात्रा निःसत्त्व व तळची मात्रा जड होई.

मोडी वाचण्यांत मुरलेल्या डोळ्यांसही या चिठ्ठ्या फसवितात. ड्रामाचें चिन्ह देवनागरी ३ सारखें दिसतें. त्यावर आणखी एक वळण असलें तर तो औंस. खरा आंकडा चिन्हापुढें, रोमन पद्धतीनें येतो. चिन्हासच आंकडा मानणारा एका ड्रामाचे तीन करील. (ड्राम म्हणजे ६० मिनिम, औंस म्हणजे ८ ड्राम.) तसाच ‘अ‍ॅड’ हा शब्द. तो लॅटिन असून त्याचा अर्थ ‘इतकें होईपर्यंत’ असा आहे. ‘पाणी अ‍ॅड ६ औंस’ म्हणजे सहा औंस पाणी घालणें नव्हे, सर्व मिश्रण सहा औंस भरणें होय.

पातळ औषधांत काय गेलें याची नोंद नुसत्या कुतूहलाची बाब नाहीं. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनामुळें १४ रोगी दगावले. त्यांत विषारी डायएथिलीन ग्लायकॉल निघालें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगास तेव्हां खरेदीच्या व तपासणीच्या व्यवहारांत शिरावें लागलें.

१९४० चा औषधांचा कायदा व १९४८ चा फार्मसी कायदा यांनीं हें काम नियमांत बांधलें; तयार औषधें आलीं तशी खांचांची पट्टी मागें पडली. आज संगमनेरांत अमृतवाहिनीच्या नांवानेंच औषधनिर्माणशास्त्राचें महाविद्यालय आहे. तेथील जाणकारांस दाखविल्यावांचून कोणतीही चिठ्ठी निकालांत काढूं नये, असें आम्हांस वाटतें. आणि पट्टी सांपडल्यास ती भिजवून सोडवूं नये. खांचांमधील अंतर त्याच बाटलीच्या आकारावर बेतलेलें असतें; बाटलीपासून सुटलेल्या पट्टीवरून मात्रा किती होती तें काढतां येत नाहीं.