माधव: नाम एक, पुरुष दोन

‘माधव’ हे श्रीविष्णूच्या चोवीस नामांपैकी तिसरे. आचमन करताना केशव, नारायण यांच्यामागोमाग ते रोज आपल्या मुखी येते. इतक्या परिचित नामाने इतिहासात घोटाळा करावा, यात नवल नाही.

बहामनी अंमलात उच्छिन्न झालेल्या श्रीसप्तकोटीश्वराची दिवाडी बेटावर पुनःस्थापना विजयनगरच्या माधवमंत्र्याने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात केली. पुष्कळांनी त्यालाच पराशरस्मृतीचे भाष्यकार माधवाचार्य मानले. दोघे समकालीन, दोघेही विजयनगरच्या आश्रयाचे. परंतु नामसादृश्य म्हणजे ओळख पटणे नव्हे, हे न्यायालयात नित्य दिसते. तेथे पित्याचे नाव विचारतात. माधवाचार्य भारद्वाजगोत्री, मायणांचे पुत्र व सायणाचार्यांचे बंधू. माधवमंत्री आंगिरसगोत्री, चौंडिभट्टांचा पुत्र व काशीविलास क्रियाशक्ती या शैव आचार्यांचा शिष्य. एकाने मूळ पराशरस्मृतीत नसलेले व्यवहारप्रकरण भाष्यात जोडून धर्मशास्त्र पूर्ण केले. दुसऱ्याने गोमंतकाचा देव परत दिला.

थोरले माधवराव पेशवे (१७४५–१७७२) किंवा इंदूर-बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांच्याबाबत असा भ्रम होत नाही, कारण त्यांची दप्तरे शाबूत आहेत. माधवमंत्र्याचे देऊळ मात्र पोर्तुगीजांनी पाडले. देव नार्व्यास गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. ज्याची वास्तूच उरली नाही, त्याचे निदान नाव तरी आपण दुसऱ्याच्या खाती मांडू नये. नार्व्यास दर्शनाला जाणाऱ्याने महाराजांबरोबर त्या चौंडिभट्टसुताचेही स्मरण करावे.