रोमन सैनिकी शिरस्त्राणांवरील तुरा : साधनांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

प्राचीन रोमचा सैनिक म्हटला की लाल केसांचा तुरा मिरवणारे शिरस्त्राण डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र बव्हंशी चित्रपटांनी घडविले आहे. घोड्याचे केस हा सेंद्रिय पदार्थ असल्याने तो जमिनीत सहसा टिकत नाही. धातूची शिरस्त्राणे मोठ्या संख्येने उपलब्ध झाली. त्यांवरील तुरे मात्र जवळजवळ नष्ट झाले. परिणामी तुऱ्याचा इतिहास मोजके ग्रंथोल्लेख, स्मारकशिल्पे आणि तुरा बसविण्याच्या खुणा यांवरून जुळवावा लागतो.

ग्रंथातील साक्ष

इ.स.पू. दुसऱ्या शतकातील इतिहासकार पॉलिबियस सैनिकांच्या शिरस्त्राणावर जांभळ्या किंवा काळ्या रंगाची, सुमारे दीड फूट उंचीची तीन उभी पिसे असल्याचे नमूद करतो. त्यामुळे माणूस दुप्पट उंच भासतो व शत्रूला धडकी भरते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. येथे उल्लेख पिसांचा आहे, केसांचा नाही, हे लक्षणीय होय. इ.स.च्या दुसऱ्या शतकात एरियन घोडदळाच्या कवायतीचे वर्णन करताना वाऱ्यावर डोलणाऱ्या पिवळ्या तुऱ्यांचा उल्लेख करतो, तेही शोभेसाठी. लाल तुरा व्हर्जिलच्या 'ईनिड'मध्ये टर्नसच्या शिरस्त्राणावर आढळतो, पण महाकाव्यातील वीराचा वेश हा लष्करी गणवेशाचा पुरावा मानता येत नाही. सर्व सैन्याचा तुरा लाल होता, या समजुतीला असलेला आधार तोकडा आहे.

इ.स.पू. ५७ मध्ये नर्व्ही टोळीने अचानक हल्ला केला, तेव्हा सैनिकांना चिन्हे लावण्यास, शिरस्त्राणे घालण्यास व ढालींवरील आच्छादने काढण्यासही वेळ मिळाला नाही, असे सीझर लिहितो. 'चिन्हे' या शब्दात तुऱ्यांचा समावेश असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास तुरा प्रवासात काढून ठेवला जाई व लढाईपूर्वी चढविला जाई, असे म्हणावे लागते.

धातूवरील खुणा

हा अर्थ शिरस्त्राणांच्या रचनेशी जुळतो. माँटेफोर्टिनो प्रकारात माथ्यावर एक गुंडी असे व तिच्यात तुऱ्याची खीळ बसविता येई. पुढील साम्राज्यकाळातील गॉलिश घडणीच्या शिरस्त्राणांवर खाचेत घालून फिरविताच अडकणारा काटा आणि पुढे-मागे बांधण्यासाठी आकडे आढळतात. काढता-घालता येण्याची ही सोय मुद्दाम केलेली आहे. ट्रेजनच्या डेशियन युद्धांच्या (इ.स. १०१–१०६) सुमारास माथ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या लोखंडी पट्ट्या ठोकण्याची पद्धत रूढ झाली. या पट्ट्या नेमक्या तुऱ्याच्या बैठकीवरूनच जात असत. डोके वाचविण्यापुढे शोभा मागे पडली, असाच याचा अर्थ दिसतो.

तुरा नेहमी घोड्याच्याच केसांचा असे, हेही गृहीत धरू नये. उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा येथे केसांसारख्या लांब तंतूंच्या शेवाळापासून विणलेली वस्तू सापडली आहे. तिला काहींनी केसांचा टोप, तर काहींनी शिरस्त्राणाचा तुरा ठरविले आहे.

सेंचुरियनचा आडवा तुरा

मराठीत 'शिरपेचात मानाचा तुरा' म्हटले की गौरव अभिप्रेत असतो. सेंचुरियनच्या तुऱ्याचे काम अधिक व्यावहारिक होते. तो एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे आडवा बसविलेला असे. उत्तरकालीन लेखक व्हेजिशियस याचे कारण सांगतो : आपल्या सैनिकांना आपला नायक चटकन ओळखता यावा. कार्नुंटम येथील टायटस कॅलिडियस सेव्हेरस या सेंचुरियनच्या स्मारकशिळेवर असा तुरा कोरलेला असून ती आज व्हिएन्ना येथे आहे.

जो आपल्यांना ओळखू येई तो शत्रूलाही येणारच. व्हेजिशियस याविषयी मौन पाळतो. सीझरच्या काळी हाच आडवा तुरा रूढ होता असे ठामपणे म्हणता येत नाही, तरी त्याने दिलेले आकडे बोलके आहेत. इ.स.पू. ५२ मध्ये गेर्गोव्हिया येथे ७०० हून किंचित कमी सैनिक आणि ४६ सेंचुरियन कामी आले. इ.स.पू. ४८ मध्ये फार्सेलसला सुमारे २०० सैनिकांच्या हानीबरोबर सुमारे ३० सेंचुरियन पडले. सामान्यतः ८० सैनिकांमागे एक सेंचुरियन असे, हे ध्यानात घेता हे प्रमाण पाच पटींहून अधिक भरते. आघाडीवर राहून लढण्याची परंपरा हे त्याचे मुख्य कारण मानले पाहिजे. ठळक वेशाने त्यात भर घातली असणे संभवनीय आहे. कॅलिडियस मात्र घोडदळातील शिपायापासून चढत सेंचुरियन झाला आणि ३४ वर्षांच्या सेवेनंतर वयाच्या ५८ व्या वर्षी निवर्तला, असे त्याच्या शिळेवरील लेख सांगतो.