नालवाडीचे चर्मालय आणि गाईच्या मानेतला पिवळा बंध

आजच्या धाग्याचा विषय थोडा अनपेक्षित आहे : मेलेल्या गाईचे कातडे. स्थळ वर्ध्याला लागून असलेले नालवाडी.

विनोबा डिसेंबर १९३२ मध्ये येथे राहावयास आले आणि १९३८ मध्ये पवनारला गेले. नालवाडीची वस्ती मुख्यतः दलितांची होती. येथील सूतकताई सर्वांना ठाऊक असते. गोपाळराव वाळुंजकरांनी येथे चालविलेले चर्मालय मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. माझ्या मते नालवाडीतला अधिक धाडसी प्रयोग तोच होता.

प्रयोगाची अट कडक होती : कातडे केवळ नैसर्गिक मृत्यू आलेल्या गुरांचे. व्यापारात याला ‘मुर्दारी’ म्हणतात, कत्तलीच्या मालाला ‘हलाली’. मुर्दारीला भाव कमी मिळे, आणि त्याचे कारण कातड्याच्या रचनेतच आहे.

कातडे म्हणजे संयोजी ऊतकाचे विणकाम. त्यातला बहुतांश भाग कोलॅजन या प्रथिनाच्या दोरांचा असतो. हेच दोर टॅनिन धरून ठेवतात आणि त्यांचेच चामडे होते. वरच्या थरात, केसांच्या मुळांभोवती, इलॅस्टिनचे लवचीक तंतू पसरलेले असतात. जनावर शिवारात मरून पडले आणि सोलायला उशीर झाला, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात जिवाणू काही तासांत हे विणकाम कुरतडू लागतात. म्हणून चर्मालयाचा खरा प्रश्न हौदाशी सुरू होत नसे. मृत जनावराजवळ कोण, किती लवकर आणि कोणत्या कौशल्याने पोहोचतो, तेथे तो सुरू होई.

पुढची कृती गावोगावच्या चर्मकारांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. चुन्यात भिजवून केस काढायचे, आतले मांस खरवडायचे, मग बाभळीची साल, तरवड, हिरडा. काही ठिकाणी कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात सालीचे पाणी भरून टांगून ठेवीत. चुना केसांची मुळे सैल करतो, पण इलॅस्टिनला तो फारसा हलवू शकत नाही. हे प्रथिन कमालीचे चिवट आहे.

हाच चिवटपणा पुढे प्रयोगशाळांच्या कामी आला. गाईगुरांच्या मानेत, डोक्याचा भार पेलणारा एक जाड पिवळसर अस्थिबंध असतो. तो बहुतांशी इलॅस्टिनचाच. सौम्य अल्कलीत उकळले की बाकीचे सारे विरघळते, इलॅस्टिन उरते. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉस आणि बॉर्नस्टाइन यांनी याच बंधातून इलॅस्टिनभोवतीचे सूक्ष्मतंतू वेगळे काढले. १९८६ मध्ये लिन साकाई आणि सहकाऱ्यांनी या सूक्ष्मतंतूंचे मुख्य प्रथिन, फायब्रिलिन, ओळखले. (हे मात्र मानवी पेशींच्या संवर्धनातून.) त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात गिब्सन आणि सहकाऱ्यांनी वासरांच्या मानेच्या बंधातून सूक्ष्मतंतूंशी संलग्न असे एक ग्लायकोप्रथिन शोधले, ते ‘एमएजीपी’ या नावाने ओळखले जाते. फायब्रिलिनच्या जनुकातील दोषाने मार्फान हा विकार होतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. आणखी एक गंमत : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू उठून दिसावेत म्हणून वापरतात ते टॅनिक आम्ल, म्हणजे हिरड्याच्या कषायाचेच भावंड.

मानेचा तोच बंध. परीक्षानळीत तो ज्ञानाचा विषय ठरला. तोच सुरीने मोकळा करणाऱ्या माणसाला गावाने मात्र वेशीबाहेर ठेवले.

गांधीजींनी सप्टेंबर १९३४ मध्ये ‘हरिजन’मध्ये ग्रामीण चर्मोद्योगावर लिहिले, तेव्हा देशातून दरवर्षी सुमारे ९ कोटी रुपयांचे कच्चे कातडे बाहेर जाते असा अंदाज दिला. ही कला शास्त्रशुद्ध करावी, शिकलेल्यांनी ती हाती घ्यावी, म्हणजे तिच्यावरचा कलंक पुसेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. नालवाडीचे चर्मालय याच विचारातून उभे राहिले.

परंतु महाराष्ट्रात या प्रश्नाला आधीच एक दुसरे उत्तर मिळाले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि त्यानंतर गावोगावी महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे कामही नाकारले. कातड्यातून, हाडांतून मिळणारी मिळकत बुडेल हे त्यांना पुरते ठाऊक होते. पण ज्या कामासाठी जन्मानेच माणूस नेमलेला असतो, ते काम कितीही शास्त्रशुद्ध केले तरी नेमणूक तशीच राहते.

दोन्ही बाजूंना समान तराजूत घालण्याचा मोह मला होत नाही. वाळुंजकरांसारख्या आश्रमीय कार्यकर्त्याने चर्मालय निवडले होते, आणि हवे तेव्हा ते सोडून जाण्याची त्याला मुभा होती. महारवाड्यातल्या माणसाला ती नव्हती. तरीही नालवाडीत एक गोष्ट निश्चित घडली : सोलण्याचे आणि कमावण्याचे कसब ‘घाण’ या शब्दातून बाहेर काढून लिहिण्या-शिकविण्याच्या कक्षेत आणले गेले. १९४१ मध्ये नालवाडीजवळच्या गोपुरीत जमनालाल बजाजांनी गोसेवा संघाचे काम आरंभिले, तेव्हा गाईच्या अर्थशास्त्रात तिच्या मृत्यूनंतरचा हिशेबही मांडलेला होता.

ढोरे ओढण्याच्या कामाशी जोडलेल्या महार वतनाचा आणि १९२८ च्या विधेयकाचा इतिहास पुढच्या धाग्यात.