विद्युत मोटार (कौटुंबिक) : चार्जिंग व वापरखर्च

घरगुती वापराची, बॅटरीवर चालणारी मोटारगाडी रोज चालवायला येणारा खर्च. त्यात विजेचे बिल, चार्जरची जोडणी, देखभाल, विमा, पथकर आणि बॅटरीची झीज हे सगळे येते. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा पेट्रोलच्या गाडीला विचारायचा प्रश्न या गाडीलाही विचारला जातो, पण इथे त्याच्या उत्तराने काम निम्मेच होते. दोन शेजाऱ्यांच्या एकाच मॉडेलच्या गाड्या सारखेच ॲव्हरेज देत असल्या, तरी एकाला किलोमीटरमागे दोन रुपये पडतात आणि दुसऱ्याला तीन. गाड्या सारख्याच असतात, दोघांच्या वीजबिलातला स्लॅब वेगळा असतो.

भारतात खासगी ग्राहकाला सहज मिळू लागलेली पहिली विद्युत मोटार म्हणजे २००१ मध्ये बंगळुरात आलेली दोन दारांची रेवा. पाच माणसे आणि त्यांचे सामान नेईल अशी गाडी मध्यमवर्गाच्या हिशेबात आली ती जानेवारी २०२० मधल्या टाटा नेक्सॉन ईव्हीपासून. पुण्याजवळ रांजणगावला बनलेल्या या गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती. एक किलोवॉट-तास म्हणजे बिलातले एक युनिट, त्यामुळे बॅटरीचा आकार थेट युनिटांत वाचता येतो. चाचणीत या गाडीचा पल्ला ३१२ किमी भरला, म्हणजे युनिटला दहा किमीहून जास्त. रस्त्यावर एसी लावून, गर्दीतून आणि चढउतारांवरून या आकाराची गाडी युनिटला साधारण ६ ते ७.५ किमी जाते.

मीटरवरचा हिशेब. पडद्यावर दिसणारे ॲव्हरेज बॅटरीतून बाहेर पडलेल्या विजेचे असते. बिल मात्र मीटरमधून गेलेल्या विजेचे येते. घरची एसी (प्रत्यावर्ती) वीज बॅटरीसाठी डीसी (एकदिश) करताना आणि चार्जिंगच्या उष्णतेत दहा-बारा टक्के वीज वाया जाते. महिन्याला १,००० किमी आणि युनिटला ७ किमी धरले, तर बॅटरीला १४३ आणि मीटरला सुमारे १६० युनिटे लागतात.

ही १६० युनिटे घरातल्या वापराच्या डोक्यावर चढतात. महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रु., ३०० पर्यंत १०.२९ रु., ५०० पर्यंत १४.५५ रु. आणि त्यापुढे १६.६४ रु. असे होते. प्रत्येक युनिटावर १.१७ रु. वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क वेगळे. घरात आधीच १५० युनिटे जळत असतील, तर गाडीची जवळजवळ सगळी वीज दुसऱ्या स्लॅबमध्ये मोडते आणि बिल सुमारे २,१८० रुपयांनी वाढते. किमीला २.१८ रु. पडतात. दोन एसी आणि गिझर असलेल्या, ४०० युनिटे वापरणाऱ्या घरात तीच गाडी सुमारे ३,०६० रुपयांची वीज पिते. किमीला तीन रुपयांच्या वर! इंधन समायोजन आकार यात धरलेला नाही. गाडी विकणारा जेव्हा ‘किलोमीटरला एक रुपया’ म्हणतो, तेव्हा तो सहसा पहिल्या स्लॅबचा दर धरून बोलत असतो. त्या स्लॅबमध्ये एका कुटुंबाचे दिवे-पंखेही जेमतेम मावतात.

तुलनेसाठी पेट्रोल घेऊ. १०४ रु. लिटर आणि शहरात १४ किमीचे ॲव्हरेज धरले, तर किमीला ७.४३ रु. येतात. पेट्रोलपुढे विद्युत गाडी कुठल्याही स्लॅबमध्ये स्वस्तच पडते. सीएनजीची गोष्ट वेगळी आहे. किलोचा दर ८० रु. आणि ॲव्हरेज २२ किमी धरले, तर किमीला ३.६४ रु. होतात. वरच्या स्लॅबमधल्या ग्राहकाची सीएनजीशी तुलना केली, तर दोघांतले अंतर पन्नास-साठ पैशांचे उरते.

राज्याची सीमा ओलांडली की गणित बदलते. कर्नाटकात २०२५-२६ साठी घरगुती विजेला युनिटाला ५.८० रु. असा एकच दर होता. त्यामुळे कोल्हापूरच्या घरात दोन हजारांच्या पुढे जाणारे गाडीचे बिल बेळगावच्या घरात कर धरून हजार-अकराशेवर थांबते. बेळगावला एक खोच मात्र आहे. गृहज्योती योजनेत २०० युनिटांच्या आत राहून शून्य बिल भरणारे कुटुंब गाडीमुळे मर्यादेबाहेर गेले, तर फक्त जादा युनिटांचे नव्हे, सगळ्या वापराचे बिल त्याच्या माथी येते.

छपरावर सौरसंच असेल तर स्लॅबचा प्रश्न बराचसा सुटतो. गाडी दिवसा कचेरीच्या आवारात उभी असली, तरी नेट मीटरिंगमुळे दुपारची वीज रात्रीच्या चार्जिंगमधून वजा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रु. अनुदान मिळते, आणि उघड्या आकाशाच्या महिन्यात असा संच ३०० युनिटांच्या वर जातो. पावसाळ्यात अर्थातच हात आखडता घेतो.

घरची जोडणी. चार्जिंगचे तीन प्रकार व्यवहारात दिसतात. पहिला म्हणजे गाडीसोबत मिळणारा, १५ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटला लागणारा फिरता चार्जर. दुसरा भिंतीवर बसवायचा ३.३ किंवा ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स. तिसरा बाहेरचा डीसी जलद चार्जर. पहिले दोन एसी वीज देतात आणि तिची डीसी गाडीतला चार्जर करतो. तिसरा थेट बॅटरीला डीसी पुरवतो, म्हणून वेगवान. ४५ युनिटांची रिकामी बॅटरी ३.३ किलोवॉटवर भरायला चौदा-पंधरा तास लागतात, हे ऐकून लोक घाबरतात. पण रोज ३५ किमी फिरणाऱ्याला पाच-सहा युनिटेच परत भरायची असतात आणि ते काम दोन तासांत उरकते.

खरी अडचण अर्थिंगची. जुन्या इमारतीत किंवा वाड्यात चार्जरची गन लावली की गाडी कुरकुर न करता सरळ वीज नाकारते आणि चार्जरवर लाल दिवा लागतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात नको तितका व्होल्टेज दिसला, की गाडी स्वतःच्या व माणसाच्या जिवाची काळजी घेते. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला, की वायरमन त्यात मीठ टाकून बादलीभर पाणी ओततो आणि मुकाट उभी असलेली गाडी चार्ज होऊ लागते. हा उपाय तात्पुरता. नवा अर्थ पिट, मीटरपासून वेगळी ओढलेली ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, एमसीबी आणि आरसीसीबी एवढे हवेच. सॉकेट तासन्‌तास पूर्ण भाराने चालते. ढिला पॉइंट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड आधी पिवळा पडतो, मग वितळतो.

सोसायटीत खर्च वायरच्या लांबीवर ठरतो. मीटर एका विंगच्या तळाशी आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला असेल, तर वायर आणि पाइपचा खर्च कधी कधी चार्जरशी बरोबरी करतो. त्याशिवाय ना हरकत पत्र, सर्वसाधारण सभेतला वाद आणि ‘आग लागली तर कोण जबाबदार?’ हा ठरलेला प्रश्न. केंद्राने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून पार्किंगच्या २० टक्के जागांसाठी चार्जिंगची सोय सुचवली, ती नव्या बांधकामांसाठी. सामाईक मीटरवरून उपमीटर देणाऱ्या सोसायट्या युनिटाचा दर आपापसांत ठरवतात. तो दर घरच्या वरच्या स्लॅबपेक्षा कमी असेल, तर सभासदाचा फायदाच होतो.

बाहेरचे चार्जिंग आणि प्रवास. जलद चार्जरवर युनिटाला साधारण १८ ते २५ रु. आणि त्यात १८ टक्के जीएसटी. द्रुतगती मार्गावर ताशी शंभरच्या वेगाने गाडी युनिटाला सहाच किमी देत असेल, तर किमीला ३ ते ४.२० रु. पडतात. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की चार्जिंगचा वेग बराच उतरतो. म्हणून फूडमॉलवर शेवटच्या वीस टक्क्यांसाठी अडून बसणाऱ्याकडे रांगेतले लोक रागाने पाहतात.

घाटाची भीती मात्र मोजून बघावी अशी आहे. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंतची चढण साडेपाचशे मीटरच्या आसपास. माणसांसह १,७०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला अडीच युनिटे जादा लागतात. उतरताना चाकेच मोटर फिरवतात, ती जनित्रासारखी वीज बनवते आणि त्यातला बराच भाग परत मिळतो. चढताना झरझर उतरणारे टक्के उतारावर थांबतात, काही वेळा एकदोनने वाढतातही.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विद्युत मोटारींना पथकर माफ आहे. द्रुतगती मार्गावर मोटारीचा एका वेळचा पथकर ३२० रु. आहे. महिन्यातून दोनदा पुण्याहून मुंबईला जाऊन येणाऱ्याचे १,२८० रु. वाचतात, म्हणजे घरच्या चार्जिंगच्या बिलाचा निम्म्याहून मोठा भाग.

इतर खर्च. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच हे काहीच नाही. ब्रेक पॅडही जास्त टिकतात, कारण वेग कमी करायचे बरेच काम मोटरच करते. उलट गाडी जड आणि जोर एकदम येणारा, म्हणून टायर लवकर झिजतात. शिवाय साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी याही गाडीत असते. ती बसली, तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

विम्यात एक गंमत आहे. जून २०२२ पासून तृतीय पक्ष विम्यात विद्युत गाड्यांना १५ टक्के सवलत मिळाली, पण हप्ता मोटरच्या ताकदीवर ठरतो. ३० ते ६५ किलोवॉटला २,९०४ रु. आणि त्यापुढे ६,७१२ रु. नेक्सॉन ईव्हीची मोटर ९५ किलोवॉटची, तर पेट्रोलवरच्या नेक्सॉनचे इंजिन १,१९९ सीसीचे आणि त्याचा हप्ता ३,४१६ रु. सवलत धरूनही विजेवरच्या बहिणीला जवळजवळ दुप्पट पडते. छोट्या टियागो ईव्हीला मात्र खालचा दर लागतो.

विद्युत गाडीवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के असला, तरी ती पेट्रोलच्या जोडीदारापेक्षा महागच मिळते. हा फरक तीन लाखांचा धरला आणि किमीला सव्वापाच रुपये वाचले, तर महिन्याला १,००० किमी चालवणाऱ्याचे पैसे पावणेपाच वर्षांत वसूल होतात. महिन्याला ४०० किमी चालवणाऱ्याला जवळपास बारा वर्षे लागतात. तोवर बॅटरीची नेहमीची आठ वर्षांची हमी संपलेली असते. पहिल्या मालकासाठी पंधरा वर्षांची हमी देणारी मॉडेले २०२५ मध्ये आली, पण गाडी विकली की ती हमी नव्या मालकाकडे तशीच जात नाही.

बॅटरी विकत न घेता भाड्याने घेण्याचा पर्याय सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसरने किमीला साडेतीन रुपयांच्या दराने आणला. गाडीची किंमत त्यामुळे दहा लाखांच्या आत दिसते. भाड्यात घरच्या विजेचे २.१८ रु. मिळवले, की किमीला ५.६८ रु. होतात.